पृथ्वी वाचवा, पण आंघोळीनंतर

जपानी कार्टूनमध्ये पृथ्वीवर संकट आलं की ती वाचवायचं काम साधारणपणे आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीच्या गळ्यात पडतं. का, ते कुणी विचारत नाही. मुलगी शाळेला उशीर झाला म्हणून धावत सुटलेली असते, वाटेत एक बोलणारं मांजर भेटतं, ‘बाई गं, तूच ती,’ असं सांगतं आणि बघता बघता तिच्या अंगावर झालरीचा झगा, कपाळावर मुकुट, हातात जादूची कांडी. गणिताचा पेपर, आईची बोलणी, धाकट्या भावाशी भांडण हे सगळं जागच्या जागी. त्यात आता दर आठवड्याला एका राक्षसाचा बंदोबस्त. रडली तर मांजर समजूत घालतं, पण रजा मंजूर करत नाही.

या प्रकाराला जपानीत ‘माहो शोजो’ म्हणतात. आपण जादूवाली मुलगी म्हणू. घराणं जुनं आहे. १९६६ साली तोएई कंपनीने मित्सुतेरू योकोयामा यांच्या मंगावरून, म्हणजे चित्रकथेवरून, ‘माहोत्सुकाई सॅली’ टीव्हीवर आणली, तिथून याची वंशावळ मांडतात. सॅली जन्मजात चेटकीण होती, जादूनगरीची राजकन्या. तिला जादू येते यात तिचं कौतुक ते काय! खरी गंमत झाली १९६९ मध्ये. ‘हिमित्सु नो अक्को-चान’मधली अक्को ही चारचौघींसारखी शाळकरी पोर. तिला एक जादूचा आरसा मिळाला, त्यात बघून मंत्र म्हटला की हवं ते रूप घेता येई. टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येक पोरीला वाटलं, हे आपल्यालाही जमेल, फक्त तो आरसा पाहिजे. आरसा दुकानात मिळत होताच. त्या दिवसापासून जपानी जादू आणि खेळण्यांचे कारखानदार यांचा संसार सुखाने चालू आहे. दर दोन-चार वर्षांनी कांडी बदलते, डबी बदलते, ब्रेसलेट येतं, आणि बापाच्या खिशातून येन जातात.

मग १९९२ मध्ये नाओको ताकेउची यांची ‘सेलर मून’ आली. मुलग्यांच्या मालिकांमध्ये पाच रंगांचे पाच वीर असायचे. ती टोळीची कल्पना तिने उचलली आणि पाच मुली उभ्या केल्या. आणि त्या सुप्रसिद्ध रूपांतराच्या दृश्याला तिने असं काही सजवलं की पुढे सगळ्यांनी तेच गिरवलं: मुलगी गरगर फिरते, फिती हवेतून येऊन अंगाला लपेटतात, नखांना रंग चढतो, शेवटी ठरलेली ऐट आणि ठरलेलं वाक्य. हे दृश्य दर भागात तेच असतं, अगदी तेच. एकदा काढून ठेवलं की वर्षभर वापरता येतं. चित्रकारांचे कष्ट वाचतात, निर्मात्याचा पैसा वाचतो. राक्षस बिचारा तेवढा वेळ गप्प उभा राहतो. एवढा समंजसपणा मी माणसांत पाहिलेला नाही.

हेच काम पोरग्यांना दिलं तर काय होईल, हा प्रश्न कुणाला तरी कधीतरी पडणारच होता. जानेवारी २०१५ मध्ये तो ‘टीव्ही तोक्यो’वर रात्री उशिरा प्रसारित झाला. मालिकेचं नाव ‘बिनान कोको चिक्यू बोएई-बू लव्ह!’. जपानबाहेर ती ‘क्यूट हाय अर्थ डिफेन्स क्लब लव्ह!’ म्हणून ओळखली जाते. दिग्दर्शक शिंजी ताकामात्सु. या गृहस्थांनी आधी ‘गिन्तामा’ केली होती, आणि २०१२ मध्ये ‘दान्शी कोकोसेई नो निचिजो’, म्हणजे हायस्कूलच्या मुलग्यांच्या रिकामटेकड्या दिवसांवरची एक अफलातून विनोदी मालिका. म्हणजे मुलगे एकत्र बसले की काहीच कसे करत नाहीत, यावर त्यांचा अभ्यास पक्का होता.

जपानी शाळेत प्रत्येक गोष्टीचं मंडळ असतं: बेसबॉलचं, चहाचं, सुलेखनाचं. बिनान हायस्कुलात एक ‘पृथ्वी संरक्षण मंडळ’ आहे. त्याचे सभासद पृथ्वीचं संरक्षण करत नाहीत. काहीच करत नाहीत. खोली मिळाली आहे, तिथे लोळतात. एन युफुइन हा शेवटच्या वर्षाचा, आणि त्याला बसल्या जागी आयुष्य जड झालेलं. त्याचा वर्गमित्र आत्सुशी किनुगावा चष्मिष्ट आणि शहाणा, प्रत्येक टोळीत असतो तसा ‘अरे पण’ म्हणणारा. एक वर्ष मागे इओ नारुको, ज्याचं अर्धं लक्ष शेअर बाजारात. आणि र्‍यू झाओ, ज्याचं संपूर्ण लक्ष फोनमधल्या मुलींमध्ये. सगळ्यांत धाकटा युमोतो हाकोने. त्याला मऊ केसाळ प्राणी दिसला की भान राहत नाही.

आणि शाळा सुटली की ही मंडळी जातात हाकोनेच्या घरच्या सार्वजनिक न्हाणीघरात. त्याचं नाव कुरोतामा-यू. युमोतोचा थोरला भाऊ गोरा ते चालवतो. जपानी पद्धतीप्रमाणे आधी बाहेर अंग स्वच्छ धुवायचं, मग मोठ्या हौदात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसायचं. आणि बोलायचं. काय बोलायचं? ज्या प्रश्नांना उत्तर नसतं आणि असलं तरी कुणाचं काही अडत नाही असे प्रश्न. मालिकेचा बराचसा वेळ या बोलण्यात जातो, आणि मला विचाराल तर तोच तिचा सगळ्यांत उत्तम भाग. लढाया काय, कुठेही बघायला मिळतात.

इथे नावांची गंमत सांगायलाच हवी. या पोरांची सगळी आडनावं जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांची आहेत. समजा कुणी मराठीत अशी टोळी जमवली आणि पोरांना गणेशपुरीकर, वज्रेश्वरीकर, उन्हवरेकर आणि राजापूरकर अशी नावं ठेवली, तर कोकणातला माणूस पहिल्या हजेरीलाच हसेल. जपानी प्रेक्षक तसाच हसतो. हाकोने-युमोतो हे तोक्योजवळच्या हाकोने डोंगरातलं स्टेशन. तिथून छोटी गाडी वळणं घेत, पुढे-मागे होत डोंगर चढते ती गोराला जाऊन थांबते. धाकटा भाऊ पायथ्याचं स्टेशन, थोरला वरचं टोक. न्हाणीघराच्या नावातली काळी अंडीसुद्धा तिथलीच. हाकोनेच्या ओवाकुदानीत गंधकाच्या कढत पाण्यात अंडी उकडतात, कवच काळं होतं, आणि एक खाल्लं तर आयुष्य सात वर्षांनी वाढतं असं तिथे सांगतात. पर्यटक दोन-दोन खातात.

पण खरी मेख खलनायकांच्या नावांत आहे. शाळेच्या विद्यार्थी परिषदेतले तिघे गुपचूप जग जिंकायच्या मागे असतात: किन्शिरो कुसात्सु, इबुशी अरिमा आणि अकोया गेरो. जपानी माणूस इथे मान डोलावतो, कारण कुसात्सु, अरिमा आणि गेरो हे देशातले तीन सर्वश्रेष्ठ झरे. एदो काळातल्या हायाशी राझान या पंडिताने त्यांना वाखाणलं आणि तो मान आजवर कुणी काढून घेतलेला नाही. म्हणजे एकीकडे मानाचे तीन गणपती, दुसरीकडे उरलेली मंडळी. ही लढाई चांगल्या-वाइटाची नाहीच. पाण्याच्या प्रतवारीची आहे. कुसात्सुचं पाणी तर इतकं कढत की तिथे बायका लांब फळ्यांनी ते घुसळून, गाणी म्हणत निववतात. परिषदेचा अध्यक्ष किन्शिरो तसाच. त्याला कुणीतरी फळी घेऊन घुसळायला हवं होतं, तसं कुणी केलं नाही म्हणून पुढचं सगळं घडलं.

तर एके दिवशी आकाशातून एक गुलाबी वॉम्बॅट येतो. वॉम्बॅट हा मुळात ऑस्ट्रेलियातला गुबगुबीत, बिळात राहणारा प्राणी. हा मात्र परग्रहावरचा आणि बोलका. पृथ्वीवर प्रेम कमी झालं आहे, तुम्ही पाच जणांनी ते वाढवायचं, असं त्याचं म्हणणं. तावारायामा नावाचे एक सर त्याच्या आगमनाच्या गडबडीत जवळजवळ कैलासवासी झालेत. तर हा त्यांचा देह बाहुलीसारखा हलवत शाळेत वावरतो. मुलींच्या मालिकेतलं मांजर मुळात गोड असतं. २०११ च्या ‘मादोका मागिका’ने एक पांढरा गोड प्राणी आणून दाखवून दिलं होतं की गोड प्राण्याने पुढे केलेल्या करारावर डोळे झाकून सही करू नये, पोरी जिवानिशी जातात. वॉम्बॅट त्यानंतर चार वर्षांनी आला. तो क्रूर नाही, कपटीही नाही, फक्त चिकट आहे. विमा विकायला आलेल्या लांबच्या नातेवाइकासारखा दारातून हलत नाही.

पाचही जणांच्या मनगटाला ब्रेसलेट चिकटतं, ते निघत नाही. आणि पहिल्यांदा रूप पालटायची वेळ येते. इथे मालिका जे करते ते बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण ती काहीच वेगळं करत नाही. चमचम तीच, संगीत तेच, गिरकी तीच. झालरी, फिती, राजपुत्राला शोभेलसा कोट. प्रत्येकाला एक रंग आणि एक भारदस्त नाव. युमोतो स्कार्लेट, एन सेरुलियन. पैशांच्या पाठी असलेल्या नारुकोला पिवळा रंग आणि सल्फर हे नाव, म्हणजे पुन्हा गंधकाचा झरा! किनुगावाच्या वाट्याला फ्रेंच पालक आला आहे, एपिनार. शेवटी ऐटीत उभं राहून प्रत्येकाने आपलं नाव, आपलं ब्रीद, प्रेमाचा जयघोष म्हणायचा. ते ते म्हणतात. आणि लगेच एकमेकांकडे बघतात: अरे, मी हे काय बोललो? तोंड आपोआप चाललं!

या एका क्षणात सगळं विडंबन आहे, असं मला वाटतं. पोरं झालरीला लाजत नाहीत फारशी. कपडे काय, वेळ मारून नेता येते. त्यांना लाज वाटते ती ‘प्रेम’ हा शब्द चारचौघांत मोठ्यांदा बोलायची. आणि मग ते एकेक शंका काढतात. आम्हीच का? हे पाच वाजता संपेल का? कुणी ओळखीचं बघत असेल तर? ब्रेसलेट परत करता येतं का? या शंका अतिशय रास्त आहेत. १९६९ पासून कुणीतरी विचारायला हव्या होत्या. पण मुलींना विचारायला सवडच दिली नव्हती. त्यांनी मुकुट घातला की त्या कर्तव्यदक्ष होत, डोळे पुसत आणि कामाला लागत. मुलगी जगाची काळजी वाहते हे इतकं स्वाभाविक धरलेलं, की त्यात हसण्यासारखं काही आहे हे दिसायला तिच्या जागी आळशी मुलगा बसवावा लागला. विनोद मुलग्यांवर आहे असं वाटत राहतं. बघता बघता ध्यानात येतं की उघडी पडली ती कामाची वाटणी.

आता राक्षसांकडे वळू. पहिल्याच भागातला राक्षस हा चिकुवाबू आहे. चिकुवाबू म्हणजे गव्हाच्या पिठाची उकडलेली नळी. मधे भोक, बाहेरून खाचा, आडवी कापली तर घड्याळातलं दातेरी चाक दिसावं अशी. हिवाळ्यात जपानी लोक ‘ओदेन’ नावाचा पातळ रश्शाचा पदार्थ मंद आचेवर तासन्‌तास ठेवतात, त्यात मुळा, उकडलेली अंडी, माशाच्या वड्या. चिकुवा नावाची माशाची नळी असते, तिचा हा पिठाचा अवतार. तोक्योकडचे लोक तो आवडीने खातात. पश्चिमेकडे गेलात तर ‘हे काय?’ असं विचारतील. स्वतःची अशी चव त्याला नाही, रश्शाची लागते. तर एका नाराज मुलग्याला शत्रुपक्षाच्या हिरव्या हेजहॉगचा (हो, तिकडे सल्लागार म्हणून एक हिरवा हेजहॉग आहे) काटा टोचतो आणि तो मुलगा चालता-बोलता प्रचंड चिकुवाबू होऊन शाळेवर चाल करून येतो. धीरगंभीर आवाजात. दातेरी कडांसकट.

मला हा राक्षस फार आवडतो. आपल्या पुराणांतले असुर तपश्चर्या करून वर मागून येत. त्यांच्या मागण्या मोठ्या. इथे प्रत्येक राक्षसाच्या पोटात एक क्षुल्लक रुसवा असतो. कुणीतरी आपल्याला मोजलं नाही. कुणीतरी आपल्याला अर्धंमुर्धं समजलं. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलग्याला एवढं पुरतं. आणि या रुसव्यावर उपाय काय? मुलग्यांच्या मालिकांतला उपाय ठरलेला आहे: ठोसा, मग मोठा ठोसा, मग वीस भाग सराव करून त्याहून मोठा ठोसा. संरक्षण मंडळाला ती सोय नाही. त्यांना त्या राक्षसाचं गाऱ्हाणं ऐकून घ्यावं लागतं, युमोतो त्याला चार समजुतीचे शब्द सांगतो, आणि मग प्रेमाचा वर्षाव करून त्याला निवळायचं. राक्षस पुन्हा साधा मुलगा होतो, थोडा ओशाळलेला. पाचही जण लगबगीने निघतात, कारण न्हाणीघरातलं पाणी तयार असतं.

एकदा माझ्या भाचीबरोबर बसून मी याचे दोन-तीन भाग पाहिले. तिच्या पिढीचं बालपण ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’ यांच्या हिंदी बडबडीत गेलं. ती म्हणाली, ‘मामा, यात एकही मुलगी नाहीये.’ खरंच. फोनच्या पलीकडे असतील तेवढ्याच. झाओ दिवसभर संदेश पाठवतो त्या मुली पडद्यावर फारशा येतच नाहीत. म्हटलं, मग रडायचं, समजूत घालायची, माफ करायचं, हे कुणी करायचं? ती म्हणाली, ‘तेच ना. त्यांनाच करावं लागतंय.’ आणि पुढचा भाग लावला. समीक्षा इतक्या थोडक्यात उरकता येते हे मला ठाऊक नव्हतं.

पुरुषाने बाईच्या जागी उभं राहण्याची आपल्याला नवलाई नाही. बालगंधर्वांना बघायला बायका गर्दी करत आणि घरी जाऊन त्यांच्यासारखं पातळ नेसून बघत. जपानात काबुकीची सुरुवात १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या बाईने केली. १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगभूमीवर बंदी घातली आणि पुढे स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची मोठी परंपरा उभी राहिली. पण ती सगळी मंडळी बाई होत. त्यात थट्टा नव्हती, उलट कसब पणाला लागे. संरक्षण मंडळाचे पाच जण बाई होत नाहीत, होऊ बघतही नाहीत. ते आपले तसेच लोळणारे मुलगे राहतात आणि बाईकडे सोपवलेलं काम तेवढं करतात. त्यामुळे मालिकेला पुरुषाने बाईचे हावभाव करण्याचा तो स्वस्त विनोद एकदाही लागत नाही. तो विनोद मला सहन होत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

उलट दिशेने गेलेली एक गोष्ट मात्र इथे सांगायचा मोह आवरत नाही, कारण तीही गरम पाण्यातूनच निघाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इचिझो कोबायाशी नावाच्या उद्योजकाने ओसाकाजवळ एक रेल्वे काढली, मिनो-अरिमा विद्युत रेल्वे. नावात अरिमा होतं, पण गाडी अरिमाच्या झऱ्यापर्यंत कधीच पोचली नाही. १९१० मध्ये ताकाराझुका या छोट्या गावी येऊन थांबली. आता लोकांनी ताकाराझुकाला का यावं? म्हणून कोबायाशींनी तिथे नवं स्नानगृह बांधलं, बंदिस्त पोहण्याचा तलावही केला. तलाव पार फसला. पाणी गार राहायचं, आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहायला परवानगी नव्हती. मग त्यांनी तलावावर फळ्या टाकल्या, त्याचं नाट्यगृह केलं, मुलींचा गाण्याचा संच जमवला आणि १९१४ च्या एप्रिलमध्ये पहिला प्रयोग लावला. त्यात ‘दोम्बुराको’ हे मोमोतारोच्या गोष्टीवरचं नाटुकलं होतं. पीचच्या फळातून जन्मलेला, राक्षस मारायला निघालेला तो मुलगा, आणि त्याचं काम करणारी मुलगी. आंघोळीच्या गिऱ्हाइकांना करमणूक म्हणून सुरू झालेलं ते ताकाराझुका आज शंभरी उलटून गेलं आहे. तिथे सगळ्या भूमिका बायकाच करतात आणि पुरुषभूमिका करणाऱ्या नटीच्या वाटेत चाहत्या बायका शिस्तीत रांगा लावून उभ्या राहतात.

याच गावात मंगाकार ओसामु तेझुका वाढले. आई त्यांना प्रयोगांना घेऊन जाई. १९५३ मध्ये त्यांनी ‘रिबन नो किशी’ लिहिलं: राजकन्या सॅफायर, जिला जन्माआधी एका खोडकर देवदूताने मुलीच्या हृदयाबरोबर मुलग्याचं निळं हृदयही गिळायला दिलेलं. ती तलवार चालवते आणि झगाही घालते. पुढच्या सगळ्या लढवय्या मुलींची ती आजी. चाक तिथेच थांबलं नाही. २०१३ मध्ये ‘सेलर मून’चं संगीत नाटक नव्याने रंगभूमीवर आलं तेव्हा सगळे कलाकार स्त्रिया होत्या, आणि कोट-टोपीतला तो रुबाबदार टक्सिडो मास्क केला ताकाराझुकातून आलेल्या युगा यामातो हिने. म्हणजे गरम पाण्याच्या गावातून निघालेली मुलगी मुलगा झाली, आणि दोनच वर्षांनी गरम पाण्याच्या नावांची मुलं मुलींच्या कामाला लागली. जपानी लोक हे सगळं न हसता करतात, म्हणून ते अधिक हसू आणतं.

मालिकेचा शेवट मी सांगू नये, पण सांगतो, कारण त्याने कुणाचं नुकसान होणार नाही. किन्शिरो कुसात्सुला जग जिंकायचं असतं असं नाही. त्याचा लहानपणीचा मित्र आत्सुशी त्याच्यापासून दुरावलेला, आणि या सगळ्या रागाचं मूळ खणत गेलं तर तळाशी करीची थाळी निघते. करी! दोन मित्रांमधल्या त्या जुन्या रुसव्यापायी शाळेवर इतके राक्षस सोडले गेले. त्यावर कडी म्हणजे हा सगळा संग्राम परग्रहावरच्या प्रेक्षकांसाठी चाललेला एक टीव्ही कार्यक्रम असतो. वॉम्बॅट आणि हेजहॉग हे दोघेही त्या कारभारातले मोहरे. म्हणजे मालिका शेवटी आपल्याकडेच बोट दाखवते: एवढा वेळ कोण बघत होतं बरं?

बारा भागांवर ती थांबली नाही. २०१६ मध्ये दुसरं पर्व आलं, त्यात शत्रू म्हणून बेप्पू नावाचे जुळे भाऊ. बेप्पू हा युफुइनच्या शेजारचा, त्याहून कितीतरी मोठा झरा, त्यामुळे तिथेही आडनावांचं राजकारण आलंच. २०१८ मध्ये नव्या पोरांची नवी टोळी आली, आणि २०२५ मध्ये, दहाव्या वर्षी, जुन्या पाच जणांचा चित्रपट. मधल्या काळात खऱ्या मुलींच्या मालिकांनीही थोडी जागा करून दिली. ‘प्रीक्युअर’ ही २००४ पासून दर रविवारी सकाळी लहान मुलींसाठी चाललेली अवाढव्य मालिका; तिच्यात २०१८ मध्ये एका भागापुरता एक मुलगा रूप पालटून गेला, आणि २०२३ मध्ये त्सुबासा हा बारा वर्षांचा मुलगा ‘क्युअर विंग’ म्हणून नियमित पथकात आला. तो न उडणाऱ्या पक्ष्यांच्या कुळातला, त्याला उडायचंय. त्याच्यावर कुणी हसलं नाही, त्यानेही कुरकुर केली नाही. चांगलं झालं. पण मला विनोदात पोरांची कुरकुर लागते, म्हणून मी पुन्हा त्या न्हाणीघराकडे वळतो.

तिथे प्रेक्षक कोण होते, याचा विचार करतो तेव्हा मला एक बाई दिसते. १९९२ साली ती आठ वर्षांची असेल, टीव्हीसमोर बसून सेलर मूनबरोबर गिरक्या घेत असेल. २०१५ साली ती एकतीसची झाली. दिवसभर तिने ऑफिसात साहेबाचा रुसवा काढला, घरी आईचा फोन घेतला, मैत्रिणीचं मोडलेलं लग्न ऐकून घेतलं. आता मध्यरात्र उलटली आहे, जेवण मायक्रोवेव्हमध्ये फिरतंय, आणि पडद्यावर पाच ताडमाड पोरं झालरी घालून, भल्या मोठ्या पिठाच्या नळीसमोर उभी राहून, घायकुतीला येऊन विचारताहेत की हे सगळं आम्हीच का करायचं. ती मोजे काढते, कोपऱ्यात भिरकावते आणि टीव्हीला म्हणते, ‘आत्ता कळलं?’